त्यांच्याऐवजी मी फुंकू का?

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांचे मी दोन गठ्ठे करते. एका गठ्ठ्यात लोणच्यावर आलेली बुरशी, पैठणीवर पडलेला तेलाचा डाग, परीक्षेच्या दिवसांत जेवायला मागेपुढे करणारी मुले, अशी पत्रे असतात. त्यांची उत्तरे हातासरशी लिहून होतात. दुसऱ्या गठ्ठ्यातली पत्रे वाचली की चहा गार होईपर्यंत मी नुसती बसून राहते. सांगलीच्या एका भगिनीचे पत्र तीन आठवडे त्या दुसऱ्या गठ्ठ्यात होते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असा मजकूर गाळून, त्यातला काही भाग इथे देते.

“ताई, माझी धाकटी मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीला असते. जावई हुशार, स्वभावानं चांगले. ‘थोडी घेतात’ हे लग्नाआधी कानावर आलं होतं, पण हल्ली कोण घेत नाही, असं म्हणून आम्ही गप्प बसलो. गेल्या वर्षी एका वाढदिवसाच्या पार्टीहून परत येताना पोलिसांनी गाडी थांबवली. कोर्टात गुन्हा शाबीत झाला. दंड झाला आणि गाडीत एक यंत्र बसवायला लावलं. त्यात फुंकल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. घरात गाडी एकच. मुलांना शाळेत सोडायचं तर मुलीलाही फुंकावं लागतं. शाळेच्या फाटकाशी इतर आया बघतात, तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण खरी गोष्ट पुढंच आहे. एकदा सकाळी जावयांनी फुंकलं तर गाडी सुरू होईना. आदल्या रात्री घेतली होती. ऑफिसात महत्त्वाचं काम होतं. म्हणाले, ‘तू फुंक, मी जातो.’ तिनं घाबरून मला फोन केला. मी म्हटलं, ‘अगं, फुंकून टाक. संसारात एवढं तेवढं करावं लागतं. नोकरी गेली तर काय करशील?’ तिनं फुंकलं. ते गेले, संध्याकाळी सुखरूप परत आले. पण आता ते अधूनमधून तसंच सांगतात. मला रात्री झोप लागत नाही. मी मुलीला बरोबर सांगितलं का?”

ताई, तुम्ही इतक्या मोकळेपणी विचारलंत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. नाही, बरोबर नाही सांगितलंत. पण तुमच्या जागी आपल्यातल्या दहापैकी आठजणींनी हेच सांगितलं असतं, हेही तितकंच खरं. म्हणून हे उत्तर तुम्हाला एकटीला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे.

आधी ते यंत्र काय आहे ते समजून घेऊ. तिकडे त्याला ‘इग्निशन इंटरलॉक’ म्हणतात. गाडीच्या किल्लीला घातलेले दुसरे कुलूपच म्हणा ना. मोबाइलएवढा एक डबा असतो, तो वायरीने गाडी सुरू होण्याच्या जोडणीत बसवतात. आत प्लॅटिनमचा थर असलेली एक छोटी पेशी असते. श्वासातले अल्कोहोल त्या थरावर आले की रासायनिक क्रिया होते आणि बारीकसा वीजप्रवाह तयार होतो. अल्कोहोल जितके जास्त, तितका प्रवाह जास्त. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की गाडी सुरू होत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्राम अशी आहे. या यंत्राची मर्यादा मात्र त्याहून खूप खाली, साधारण २० ते २५ मिलिग्रामला लावलेली असते. एकदा गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला ‘थोडीशी चालते’ ही सवलत नाही, असा त्याचा अर्थ.

कुणी म्हणेल, फुगा भरून ठेवावा आणि त्यातली हवा सोडावी. हे सगळे प्रकार तिकडच्या लोकांनी करून झालेले आहेत! म्हणून बऱ्याच यंत्रांत नुसते फुंकून भागत नाही. फुंकताना गुणगुणावे लागते, किंवा फुंकून लगेच श्वास आत ओढावा लागतो. गाडी सुरू झाल्यावरही सुटका नाही. थोड्या वेळाने यंत्र पुन्हा वाजते आणि पुन्हा फुंकायला सांगते. त्यासाठी काही मिनिटे मिळतात, तेवढ्यात गाडी बाजूला घेता येते. त्या वेळी नापास झाले तर चालती गाडी एकदम बंद पडत नाही, कारण त्यानेच अपघात व्हायचा. पण अनेक ठिकाणी भोंगा वाजू लागतो, दिवे उघडझाप करतात आणि प्रत्येक फुंकरीची नोंद यंत्रात राहते. महिन्या-दोन महिन्यांनी केंद्रावर जाऊन यंत्राची तपासणी करून घ्यावी लागते, तेव्हा ही नोंद अधिकाऱ्यांच्या हाती पडते. अनेक राज्यांत यंत्राला कॅमेराही असतो. फुंकले कोणी आणि चालवली कोणी, हे त्यात दिसते.

आणि आता ताई, तुमच्या काळजाचा प्रश्न. न्यू जर्सीच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेले आहे, की ज्याला कोर्टाने यंत्र लावायला सांगितले आहे त्याला गाडी मिळावी म्हणून दुसऱ्या कोणी त्यात फुंकले, तर तो फुंकणाराचा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. कॅलिफोर्नियातही असे फुंकायला सांगणे आणि फुंकणे, दोन्हीला मनाई आहे. म्हणजे नवऱ्याची नोकरी वाचवायला म्हणून तुमची मुलगी स्वतः गुन्हेगार ठरू शकते. दोन लेकरांची आई, परक्या देशात. दारूच्या गुन्ह्यात नुसती अटक झाली तरी अमेरिकेचा व्हिसा रद्द होऊ शकतो, अशी तिथली २०१५ पासूनची रीत आहे. एक गुन्हा डोक्यावर असताना दुसरा घरात आणायचा नाही.

पण समजा कायदा तसा नसता, कॅमेरा नसता, कोणाला कधी कळलेच नसते. तरी मी नाहीच म्हटले असते. का, ते सांगते.

हा कायदा कोणा मंत्र्याच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याच्यामागे आया आहेत. १९८० सालच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या फेअर ओक्स गावी कॅरी लाइटनर नावाची तेरा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालत जात होती. मागून आलेल्या गाडीने तिला उडवले. चालक प्यायलेला होता, आणि त्याआधीही प्यायलेल्या अवस्थेत गाडी चालवताना पुन्हापुन्हा पकडला गेला होता. दोनच दिवसांपूर्वी तो अशाच दुसऱ्या प्रकरणात जामिनावर सुटला होता. कॅरीची आई कँडी लाइटनर हिने त्याच वर्षी ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही संघटना काढली. प्यायलेल्या चालकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या आयांची संघटना. १९८८ च्या मे महिन्यात केंटकी राज्यातल्या कॅरोल्टनजवळ एका प्यायलेल्या माणसाने हमरस्त्यावर उलट दिशेने गाडी घातली आणि सहलीहून परतणाऱ्या मुलांच्या बसवर आदळला. बस पेटली. सत्तावीस जण गेले, त्यांत चोवीस मुले. त्या मुलांच्या आयाही या कामात उतरल्या.

पूर्वी शिक्षा म्हणजे परवाना काढून घेणे. पण परवाना काढला तरी बरेच लोक तसेच गाडी चालवतात, हे हळूहळू लक्षात आले. कागद काढून घेतला, किल्ली खिशात राहिली. मग किल्लीलाच कुलूप घालायची कल्पना पुढे आली. कॅलिफोर्नियाने १९८६ साली त्याचा कायदा करून काही ठिकाणी प्रयोग केला. पहिल्यांदा सापडलेल्यांसह सर्व दोषी चालकांना हे यंत्र सक्तीचे करणारे पहिले राज्य न्यू मेक्सिको, २००५ साली. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत या यंत्राविषयी कोणता ना कोणता कायदा आहे आणि तीसहून अधिक राज्यांत ते सर्व दोषींना सक्तीचे आहे.

उपयोग होतो का? होतो. निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून तज्ज्ञांनी २०११ साली असे मांडले, की यंत्र बसवलेले असेपर्यंत पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण सुमारे ६७ टक्क्यांनी कमी होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्व दोषींना यंत्र सक्तीचे करणाऱ्या राज्यांत दारूशी संबंधित अपघातांतले मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळले. पंधरा टक्के म्हणजे काय, तर अमेरिकेत दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे अशा अपघातांत जातात. त्यांतले पंधरा टक्के कमी झाले, म्हणजे किती घरांत संध्याकाळी कोणी तरी परत आले, याचा हिशेब तुम्हीच करा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. यंत्र काढले, की ते प्रमाण पुन्हा पहिल्यासारखे होते. प्रेशर कुकरची सेफ्टी व्हॉल्व्ह स्फोट टाळते, खालचा गॅस बंद करत नाही. तसेच हे. गाडी थांबते, पिणे थांबत नाही. शिवाय हुकूम होऊनही कित्येक जण यंत्र बसवतच नाहीत. ‘गाडी विकली’ म्हणतात आणि भावाची, मित्राची गाडी वापरतात. खर्चही सहसा दोषी माणसालाच, महिन्याला साधारण ६० ते १०० डॉलर. हा पैसा दुधाच्या, फीच्या पैशांतूनच जातो. आणि लाज? ती तर सगळ्या घराला वाटून येते. ज्या बाईने आयुष्यात थेंबाला हात लावलेला नाही तिला शाळेच्या फाटकाशी नळी तोंडात धरावी लागते. यंत्राविरुद्ध बोलणारे हे सगळे मुद्दे मांडतात आणि ते खोटे नाहीत.

पण याच्या जागी दुसरे काय? परवाना गेला असता तर तिथे दूध आणायलाही बाहेर पडणे कठीण. यंत्र आहे म्हणून जावयांना नोकरीवर जाता येते. ज्या दिवशी घेतली नसेल त्या दिवशी गाडी निमूटपणे सुरू होते. म्हणजे हे यंत्र संसाराच्या मुळावर आलेले नाही. ज्या दिवशी गाडी सुरू होत नाही, त्या दिवशी संसार कशामुळे अडला आहे तेवढेच ते दाखवते.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. खूप वर्षांपूर्वी आमच्याकडे जेवणावळ होती. ह्यांचे एक स्नेही कुठून तरी घेऊनच आले होते. जेवण झाले, निघाले. स्कूटरची किल्ली माझ्या फडताळावर राहिली होती. मी ती हातात घेऊन दारात उभी राहिले. म्हटले, “भाऊजी, आज इथंच आडवे व्हा.” ते हसले. त्यांच्या बायकोने मला डोळ्यांनी खुणावले, की जाऊ दे, उगाच चारचौघांत नको. मी किल्ली दिली. वर म्हटले, “सावकाश जा हं!” पुढच्याच चौकात दुभाजकावर गेले. त्यांना खरचटले. मागे बसलेल्या तिच्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. नऊ महिने अंथरूण. अजूनही जिना चढताना ती कठडा धरते. तिने मला कधी बोल लावला नाही, पण किल्ली मीच दिली होती. म्हणून ताई, तुम्हाला झोप का लागत नाही ते मला कळते.

तेव्हा मुलीला आता काय सांगायचे, ते क्रमाने लिहिते.

पहिले म्हणजे, “मी चुकीचं सांगितलं” हे तुम्ही स्वतः तिला सांगा. ती आईच्या शब्दावर फुंकते आहे. आईनेच शब्द मागे घेतला, तर तिला नाही म्हणायला बळ येईल.

दुसरे, नाही म्हणायचे ते गाडीच्या दारात, घाई चालू असताना नव्हे. एखाद्या सुटीच्या दिवशी, जावई शुद्धीत आणि शांत असताना, मुले झोपल्यावर. “माझ्यासाठी आणि मुलांसाठी मी फुंकेन. तुमच्याऐवजी पुन्हा फुंकणार नाही,” एवढेच. मागचे उकरून काढायचे नाही, शपथा घालायच्या नाहीत.

तिसरे, त्या बोलण्यातच दुसरी वाट तयार ठेवायची. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर कोणाबरोबर जायचे, भाड्याच्या गाडीला किती लागतील, घरून काम करता येईल का. ती स्वतः गाडी चालवून त्यांना सोडू शकते. तेव्हा फुंकणारी तीच आणि चालवणारीही तीच, त्यात लबाडी नाही.

चौथे, रात्रीची सकाळी उतरते, हा समज डोक्यातून काढा. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, यांतल्या कशानेही रक्तातली दारू लवकर जात नाही. ते काम यकृताचे आणि ते आपल्याच चालीने चालते. ताशी साधारण १५ मिलिग्राम धरा. रात्री एक वाजता १२० असेल तर पहाटे पाचला ६० आणि सकाळी सातला ३०. म्हणजे माणूस दाढी-आंघोळ करून टापटीप उभा आहे, आणि यंत्र नाही म्हणते आहे. यंत्राचेच बरोबर असते.

पाचवे, कधी कधी न पिणाऱ्यालाही यंत्र अडवते. तोंड धुवायच्या काही औषधांत, खोकल्याच्या काही औषधांत, होमिओपॅथीच्या काही थेंबांत अल्कोहोल असते. त्याचा अंश तोंडात पंधरा मिनिटांपर्यंत राहतो. घाबरू नये. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि पुन्हा फुंकावे. तिनेही निघण्याआधी असले काही घेऊ नये. दुधाने तोंड पोळले आहे, आता ताकही फुंकून प्यायचे.

सहावे, मुलांना खरे सांगा. “बाबांकडून चूक झाली, म्हणून हे यंत्र आहे. कोणाला लागू नये म्हणून आहे.” मुलांना एवढे पुरते. लपवलेल्या गोष्टीचीच त्यांना भीती वाटते.

सातवे, आणि हे हलक्याने घेऊ नका. नाही म्हटल्यावर जावयांचा आवाज चढला, हात उगारला गेला, तर तो प्रश्न यंत्राचा राहत नाही. तिकडे पोलिसांचा नंबर ९११. न्यू जर्सीतच ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून आपल्या भागातून गेलेल्या बायकांसाठी काम करते. तिचा फोन नंबर मुलीने आजच लिहून ठेवावा. लागला नाही तर उत्तमच.

आणि शेवटचे, यंत्राच्या मुदतीचे हे महिने वाया घालवू नका. यंत्र एक दिवस निघणार आहे. तोवर मूळ दुखण्यावर इलाज सुरू व्हायला हवा. दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी १९३५ साली अमेरिकेतच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ सुरू झाली, आणि त्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ १९५१ साली. दोन्हींच्या सभांना पैसे पडत नाहीत, आडनाव सांगावे लागत नाही. जावई जाईनात तर मुलीने एकटीने घरच्यांच्या सभेला जावे. आपल्या पुण्यातले ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हेच काम करते आहे आणि तिथेही घरच्यांचा वेगळा विचार होतो. ताई, तुम्हीसुद्धा जाऊन या. मुलगी तिकडे आणि तुम्ही इकडे, दोघींनी एकच गोष्ट शिकलेली बरी.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल, की हे अमेरिकेचं झालं, आमच्याकडे कुठं असलं यंत्र? खरे आहे. आपल्याकडे त्याची सक्ती नाही. कायदा मात्र आपला जास्त कडक आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्राम ही मर्यादा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण नाकाबंदी असते ३१ डिसेंबरला, आणि बाकीच्या रात्री असतात. त्यात आपल्या गावांत गाडी म्हणजे बहुतेकदा दुचाकी आणि मागे बसलेली असते ती आपणच, मांडीवर मूल घेऊन.

म्हणून थोडे आपल्यापुरते. प्यायलेल्याच्या मागे बसायचे नाही, मग तो नवरा असो, दीर असो की मेहुणा. ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर जवळ असू द्या. घरी पाहुण्यांना बोलावले तर किल्ल्या आल्या-आल्या एका ताटात ठेवायची पद्धत पाडा आणि एक जादा गादी घालून ठेवा. किल्लीसाठी झोंबाझोंबी करू नका, ती आधीच बाजूला ठेवलेली बरी. आणि “उगाच चारचौघांत नको” हे वाक्य मनात आले, की त्या कठडा धरून जिना चढणाऱ्या माझ्या मैत्रिणीची आठवण करा.

सांगलीच्या ताईंना मी हे उत्तर छापायच्या आधी पाठवले होते. त्यांचे दोन ओळींचे कार्ड आले आहे : “मुलीशी बोलले. ती रडली, मग म्हणाली, ‘आई, तू हे म्हणावंस याचीच मी वाट बघत होते.’”

पुढे काय झाले ते कळेल तेव्हा कळवीन. तुमच्यापैकी कोणी अशा प्रसंगातून गेली असेल तर जरूर लिहा. नाव छापायला नको असेल तर तसे वर लिहावे, छापले जाणार नाही.

पुढच्या आठवड्यात पहिल्या गठ्ठ्याकडे वळू. लोणच्याच्या बुरशीची अकरा पत्रे वाट बघत आहेत.